खिम्याचे मशीन घेण्याआधी रविवारची ताटे पाहा

या पानासाठी गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून आला. जळगावच्या वस्त्यांतून आला, भुसावळहून आला, धुळ्याहून तर दोनदा आला. विजेवर चालणारे खिम्याचे मशीन घरी घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते? सुनेच्या मोबाईलवर त्याची जाहिरात येते. गोलाणी मार्केटला किंवा धुळ्याच्या आग्रा रोडला गेले की दुकानात खोके मांडलेले दिसते, त्यावर लाल अक्षरांत '२००० वॅट' छापलेले असते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास सगळीकडे सवलतींचे फलक लागतात, तेव्हा तर हात खिशाकडे जातोच.

आम्ही आधी उलटा प्रश्न विचारतो. रविवारी तुमच्या घरी मटण शिजते तेव्हा कोणाच्या ताटात काय पडते?

आम्ही पाहिले आहे ते सांगतो. घरात सात माणसे आणि मटण अर्धा किलो. फोडी जातात कमावत्या पुरुषांच्या आणि वाढत्या पोरांच्या ताटात. आजी स्वतःच म्हणते, "माले दात नई, माले रस्साच दे." दीड वर्षाच्या लेकराला भाकरी रश्श्यात कुस्करून भरवतात. सून सगळ्यांच्या शेवटी बसते, तिला पातेल्याच्या तळाशी उरलेली नळी आणि मसाला. रस्सा चवीला झणझणीत असतो यात वाद नाही, पण लोह आणि प्रथिने बहुतेक फोडीतच राहतात. म्हणजे ज्यांच्या अंगात रक्त कमी, त्यांना मटणाची चव मिळते, मटण मिळत नाही.

हे रक्त किती कमी आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांपैकी ६७ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. तीन लेकरांत दोन. मांसातले लोह शरीर जितक्या सहज घेते तितक्या सहज पालेभाजीतले घेत नाही, आणि मांसाबरोबर खाल्लेल्या डाळ-भाजीतले लोहही जास्त लागू पडते. वरून लिंबू पिळले तर आणखी बरे. जेवणावर लगेच चहा प्यायला तर त्यातला बराच फायदा वाया जातो, आणि आपल्याकडे मटण जेवल्यावर चहा हवाच असतो. तासभर थांबा.

आता खिम्याकडे पाहा. खिम्याला दात लागत नाहीत. खिम्यात मोठी फोड, छोटी फोड, नळीची फोड असा भेद नसतो. चमच्याने वाढला की सगळ्यांना सारखा येतो. शिवाय अर्धा किलो खिम्यात पाव किलो भिजवलेली हरभरा डाळ किंवा दोन जुड्या मेथी घातली की सात माणसांना पुरून उरतो. आमच्या मते घरात मशीन आणण्याचे कारण हे एवढेच आहे. हे कारण तुमच्या घरात नसेल, मशीन आणूनही आजीला रस्साच मिळणार असेल, तर ते पैसे वाचवा.

आणि ही गोष्ट काही नवी नाही. आमच्या आज्या चान्या, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, निखाऱ्यावर भाजून उखळात कुटायच्या. बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यांसाठी तोच खिमा होता. त्या काळी त्यातले बरेच मांस मेलेल्या जनावराचे असे. बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृत जनावराचे मांस सोडायला सांगितले आणि आपल्या लोकांनी उपास काढून ते सोडले. नंतर पैसे मोजून, डोळ्यांसमोर कापलेले ताजे मांस आपल्या घरात येऊ लागले. त्यातही स्वस्त ते 'मोठ्याचे' असे. मार्च २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचे सगळीकडे मिळत नाही, आणि बोकडाचे मटण किलोला सातशे-आठशे रुपयांच्या घरात गेले. ज्या ताटात आठवड्यातून दोनदा मांस असे तिथे आता महिन्यातून दोनदा असते. म्हणून अर्धा किलो कोणाकोणाला पुरवायचे हा प्रश्न आज जास्त टोचतो.

कोणी म्हणेल, खाटकाकडूनच खिमा करून आणा. आणता येतो. पण तयार ठेवलेला खिमा आणू नका. त्यात सकाळचे, कालचे, छिछडे, चरबी काय काय गेले ते कळत नाही. खांद्याचा किंवा मांडीचा तुकडा दाखवून घ्या आणि समोर करून मागा. तो म्हणतो गर्दी आहे, तासाने या. तिथेच घरच्या मशीनचा उपयोग सुरू होतो.

आता मशीन कोणते. बाजारात या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकतात. पहिली म्हणजे स्टीलचे किंवा काचेचे भांडे, आत दोन-चार पाती, वर मोटर. ही हजार-दीड हजारापासून मिळते. ती मांस कापते, दळत नाही. तळाशी पेस्ट आणि वर अख्खे तुकडे असे होते. थोडे थोडे घालून, एका वेळी दोन-तीन सेकंद दाबून सोडत गेले तर पाव किलोचे काम बरे होते. दुसरी म्हणजे खरे खिम्याचे मशीन. वर ताट, त्याखाली नळी, नळीत मळसूत्रासारखा फिरणारा दांडा, पुढे चार पंखांचे पाते, त्यापुढे भोकांची जाळी आणि शेवटी आवळायची कडी. हे साधारण चार-पाच हजारांपासून पुढे जाते. यातून निघतो तो एकसारखा, मोकळा खिमा. घरातल्या मिक्सरचे नाव काढू नका. चटणीच्या भांड्यात मांसाचा लगदा होतो आणि शिरा पात्याला गुंडाळून मोटर तापते.

चार वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत आम्ही चार घरांनी मिळून पहिल्या प्रकारचे भांडे घेतले होते. खोक्यावर आकडा मोठा होता, आम्ही त्यावर भाळलो. तिसऱ्या रविवारी कोणीतरी शिरा न काढता मांस भरले, बटण दाबून धरले, आणि जळक्या वासाने गल्ली भरली. दुकानदार म्हणाला, हे वॉरंटीत बसत नाही. पावतीवर बारीक अक्षरांत तसे होते खरे. आम्ही वाचले नव्हते.

तो मोठा आकडा काय असतो ते तेव्हा कळले. मोटर अडकली असता ती क्षणभर जितकी वीज ओढते तो आकडा खोक्यावर छापतात. कामाचा आकडा मशीनच्या तळाच्या पट्टीवर असतो, 'रेटेड' या शब्दापुढे. दुकानात मशीन उलटे करून तोच वाचा. घरच्या अर्धा-एक किलोला ३०० ते ५०० वॅट भरपूर झाले. वीजबिलाची धास्तीही नको. ५०० वॅटचे मशीन सहा मिनिटे चालले तर युनिटचा विसावा भाग जळतो.

बिलापेक्षा धक्क्याची भीती धरा. आपल्या वस्त्यांत एका बोर्डावरून तीन घरांना वायर गेलेली असते, अर्थिंग नावालाच असते, आणि हे मशीन ओल्या हातांनी, ओल्या ओट्याजवळ वापरायचे असते. धातूच्या अंगाचे मशीन तीन पिनांचेच घ्या आणि तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थ आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. दोन पिनांचे असेल तर तळाशी चौकोनात चौकोन अशी खूण पाहा. ती असेल तर आतून दुहेरी आवरण आहे, नसेल तर ते परत ठेवा. जमले तर घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. त्याचा खर्च मशीनच्या निम्माही नाही आणि तो कूलरपासूनही वाचवतो. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरचे धक्के किती घरांनी खाल्ले ते सांगायला नको. संध्याकाळी दाब उतरला आणि मशीन नुसते घूं करून फिरेना, तर लगेच बंद करा. ढकलत बसू नका.

आणखी तीन गोष्टी दुकानातच विचारा. पाते आणि जाळी सुटी मिळते का? नळी स्टीलची की अ‍ॅल्युमिनियमची? उलटे फिरवायचे बटण आहे का? शिर अडकली की तेच बटण कामी येते. अ‍ॅल्युमिनियम चालते, पण ते धुण्याच्या सोड्याने काळे पडते आणि मग तो काळेपणा खिम्याला लागतो. परवडत असेल तर स्टील घ्या.

जिथे वीज भरवशाची नाही तिथे आम्ही हाताने फिरवायचे लोखंडी मशीनच सुचवतो. टेबलाच्या किंवा जाड फळीच्या कडेला आवळायचे, एकाने भरायचे, एकाने फिरवायचे. अर्ध्या किलोला दहा-बारा मिनिटे लागतात. मनगट दुखणाऱ्या बाईने फिरवू नये. घरात तरणी पोरे असतातच, त्यांना रविवारी तेवढे काम द्या.

वापरण्यातल्या चुका मात्र घरोघर सारख्याच दिसतात. सगळ्यात मोठी म्हणजे पाते उलटे बसवणे. पात्याची सपाट बाजू जाळीकडे असली पाहिजे. उलटे बसले की मांस कापले जात नाही, चेंगरते, आणि लोक म्हणतात मशीन खराब निघाले. मांस बोटाएवढ्या पट्ट्यांत कापा, पांढऱ्या शिरा आणि पडदे काढा, हाड एकही नको. हाडाची कच खिम्यात आली तर लेकराच्या घशात जाईल. पट्ट्या अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या तर छान कापल्या जातात. मांस धुवायचे तर पातेल्यात हलक्या हाताने धुवा. जोराच्या धारेखाली धुतले तर कच्च्या मांसाचे शिंतोडे ओटाभर उडतात. मग निथळून, पुसून घाला. ढकलायला सोबत आलेला दट्ट्याच वापरा, बोट नाही, चमचाही नाही. पदर खोचा, बांगड्या मागे सारा, लहान पोरांना त्या वेळी बाहेर पाठवा. चार-पाच मिनिटांनी मशीनला विसावा द्या. उघडण्याआधी नुसते बटण नको, पिनच काढा.

जाळीतही निवड आहे. बारीक, ३ मिलिमीटरच्या जाळीतून दोनदा काढलेला खिमा लेकराला आणि आजीला. ५-८ मिलिमीटरचा बाकीच्यांना, काळ्या मसाल्यात, भाजलेले शेंगदाणे आणि सुके खोबरे वाटून लावलेला, कळण्याच्या भाकरीबरोबर. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वरच्या खाण्यात मऊ शिजलेला खिमा चालतो. त्याचा वाटा मीठ-मिरची टाकण्याआधी बाजूला काढा.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहायला बसलो ती. मागच्या मे महिन्यात एका ओळखीच्या घरी शनिवारी रात्री खिमा करून फ्रिजमध्ये ठेवला. रात्री लाईट गेली, पहाटे आली, परत गेली. रविवारी दुपारी त्याचे गोळे तळले. बाहेरून खरपूस, आतून ओलसर. संध्याकाळपर्यंत पाच माणसे जुलाब-उलट्यांनी आडवी झाली, त्यातले तीन वर्षांचे पोर सलाईनवर गेले. घरातले म्हणत होते, मटण तर ताजे होते, खाटीक ओळखीचा होता. दोष खाटकाचा नव्हताच.

अख्ख्या फोडीवर जंतू असतात ते वरच्या बाजूला. रश्श्यात उकळी फुटली की मरतात. खिमा केला की वरची बाजू आत जाते, प्रत्येक कणाला हवा लागते, जंतू सगळीकडे पसरतात, आणि जळगावच्या ४५ अंशांत ते भराभर वाढतात. म्हणून खिमा करायचा तो चुलीवर कढई ठेवूनच. इतक्या उन्हात कच्चा खिमा तासाभरापेक्षा जास्त बाहेर नको. फ्रिज चालू राहत असेल तर फार तर एक दिवस, आणि लाईट जात असेल तर अजिबात नाही. आतपर्यंत ७१ अंश, कोंबडीचा असेल तर ७४ अंश उष्णता पोचली पाहिजे असे आहारशास्त्र सांगते. आपल्याकडे थर्मामीटर नसतो आणि रंगावर भरवसा ठेवता येत नाही, कारण खिमा पुरता शिजण्याआधीही तपकिरी दिसू शकतो. म्हणून खळखळत्या उकळीत पंधरा-वीस मिनिटे शिजवा. गोळे करायचे असतील तर आधी रश्श्यात उकडा, मग हवे तर तळा. डुकराचे मांस असेल तर त्यातल्या पट्टकृमीच्या भीतीने आणखी कडक राहा.

धुण्याचेही तसेच. शेवटी बटाट्याचा तुकडा फिरवला की आत अडकलेला खिमा बाहेर येतो, पण त्याने मशीन धुतले जात नाही. सगळे भाग सुटे करा, साबण आणि गरम पाण्याने ब्रशने भोक अन् भोक घासा, वरून उकळते पाणी ओता, पुसून कोरडे करा, पाते आणि जाळीला तेलाचा हात लावा. मोटरचा भाग फक्त ओल्या फडक्याने पुसा. याला चांगले बादलीभर पाणी लागते. आपल्या बऱ्याच वस्त्यांत नळ रोज येत नाही. आमचा नियम सरळ आहे. ज्या दिवशी पाणी नाही त्या दिवशी मशीन नाही. सत्तूर आणि लाकडी पाट त्या दिवशी पुरे. आणि ज्या मशीनमध्ये कच्चे मांस फिरते त्यात शेंगदाण्याची चटणी किंवा न शिजवता खायचे काहीही फिरवू नका, कितीही धुतले असले तरी.

मग घ्यावे की नाही? आमचे मत असे आहे की महिन्यातून दोनदा मांस आणणाऱ्या एकट्या घराने विजेचे मशीन घेऊ नये. बचत गटाने किंवा विहाराच्या महिला मंडळाने चार-सहा घरांत एक चांगले, तीन पिनांचे, सुटे भाग मिळणारे मशीन घ्यावे. वाटून वापरायचे तर भांडणे होणार, ती आधीच करून घ्या. धुवून, पुसून, पुढच्या घरातल्या बाईसमोर सुटे दाखवूनच मशीन हवाली करायचे. डुकराचे त्यात फिरवायचे की नाही हे पहिल्याच दिवशी ठरवायचे, कारण शेजारच्या मुस्लिम घरातून कोणी मागायला आले तर त्यांना खरे सांगता आले पाहिजे. पाते बोथट झाले तर पैसे कोणी भरायचे तेही लिहून ठेवायचे.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आमच्या एका भाचीने विचारले होते की मशीनचा आवाज कमी कसा करायचा. घरमालकाने 'नॉनव्हेज चालणार नाही' असे सांगून खोली दिली होती. मशीनखाली दुमडलेले गोणपाट किंवा रबरी चटई ठेवली की आवाज बराच कमी होतो, हे आम्ही तिला सांगितले. आपल्या पैशाने आणलेले अन्न चोरासारखे शिजवावे लागते याचा राग आम्हाला आला तो इथे लिहून ठेवतो. तिला तेव्हा चौथा महिना होता.

गरोदर बायांसाठी दोन शब्द. खिमा सुरू झाला म्हणून सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. रक्त वाढावे म्हणून रोज कलेजी खाऊ घालण्याची पद्धत आहे, ती नको. कलेजीत अ जीवनसत्त्व फार असते आणि पोटातल्या बाळाला ते जास्तीचे बरे नाही. आपल्या समाजात आणि आदिवासी भावंडांत सिकलसेल आढळतो. तो असेल तर लोहाची गोळी घ्यावी की नाही हे डॉक्टरांनाच विचारा, आधी तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात होते.

वर्षावासात काही घरांत तीन महिने मांस बंद असते आणि नेमका तोच पावसाळा असतो. त्याआधी पाते, जाळी आणि दांडा कोरडे करून तेल लावा, कागदात गुंडाळा, डब्यात ठेवा. पाते आणि जाळी एकमेकांवर घासून जुळलेली असतात, म्हणून दोन घरांच्या मशीनचे भाग एकत्र करू नका. वर्षावास संपल्यावर बाहेर काढाल तेव्हा आधी गरम पाण्याने धुवा, मग एक कच्चा बटाटा फिरवून फेकून द्या. पहिला बटाटा काळपट निघतो. दुसरा पांढरा निघाला की मांस आणायला माणूस पाठवा.